यात किल्ल्या नाहीत

६ जानेवारी

ती. बटणकाका,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण बाबा शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांच्या कानांबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं? अख्खं नाट्यगृह आपल्या ज्या ध्वनियोजकाला 'कान' म्हणायचं, त्याच्या भिंतीआड कुजबुजणं म्हणजे तोंडावरच बोलणं. उत्तरही पत्रानेच द्या आणि पाकिटावर माझं नाव घाला.

विषय स्पीकरचा आहे. हसू नका. बाबा माझ्याकडे राहायला आले त्याला सात महिने झाले. येताना त्यांनी ती कपाटाएवढी दोन धुडं देऊन टाकली, कारण ती इथे आली असती तर माणसांना जिन्यात बसावं लागलं असतं. टेप वाजवायचं यंत्र आणि अॅम्प्लिफायर तेवढे जपून आणलेत, पण त्यांना आवाज द्यायला काही नाही. आधी वाटलं, आई गेल्यामुळे गाणं नकोसं झालं असेल. आता तर माणसंच नकोशी झालीत. हाक मारली तर ओ देत नाहीत. दाराची बेल वाजली तर ढिम्म हलत नाहीत. कपडे धुवायचं मशीन काम संपलं की पीं पीं करतं, ते बिचारं पंधरा मिनिटं बोंबलतं आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. जेवणाचं ताट खोलीत नेतात. रुसलेत माझ्यावर, दुसरं काय! आणि परवा जाहीर केलं, की नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली आहे, एक एप्रिलला तिकडे जाणार. का, तर "तुझ्या घरात आवाज नाही."

हे मला फार लागलं, काका. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस एकटा राहणार, गॅस चालू ठेवून विसरणार, आणि मी इथे दुसऱ्यांच्या सोफ्यांना कापड चढवत बसणार. नाही जाऊ देणार. आवाज नाही ना? आणते आवाज.

आता अडचण ऐका. माझी बाहेरची खोली म्हणजेच माझं दुकान. गिऱ्हाईक तिथे बसून कापडाचे नमुने बघतं. मी लोकांना सांगते की घरातली एकही वस्तू डोळ्यांना खुपता कामा नये, आणि माझ्याच फळीवर काळी खोकी? फळी दीड वीत खोल, भिंतीला ठोकलेली. म्हणजे स्पीकर छोटे हवेत, देखणे हवेत, आणि 'कान'ला पटतील असे हवेत. पहिल्या दोन गोष्टी मी बघते. तिसरी तुम्ही सांगा, कारण माझ्या कानांचा निकाल लहानपणीच लागलाय. "हिला डोळे आहेत, कान नाहीत," असं बाबा तुमच्यासमोरच म्हणायचे.

परीक्षा तीच जुनी असणार. आईची टेप. ती बाजाराला निघाली असताना बाबांनी तिला रिकाम्या नाट्यगृहात थांबवून माइकसमोर उभं केलं होतं, आणि तिने वैतागून सामानाची यादी वाचली होती, ती. साबण, सुतळी, काडेपेटी, आणि शेवटी "झालं का तुमचं? मला उशीर होतोय," म्हणून हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवला होता. तीस वर्षं बाबा प्रत्येक नवा स्पीकर त्या किल्ल्यांवर पास-नापास करत आले. मला त्यात पास व्हायचंय.

तुमची,
सुईताई


१५ जानेवारी

सुईताई,

भरपूर आशीर्वाद. तुझं पत्र सुनेने आणून दिलं तेव्हा मी गच्चीवर मुलाच्या टीव्हीची तार ओढत होतो. निवृत्त झालो तरी तार काही सुटत नाही.

तू विचारलंस ते फार शहाणपणाचं विचारलंस. लोक आधी स्पीकर आणतात आणि मग खोली शोधतात. आता नीट वाच. पहिलं, खोक्याच्या पाठीला भोक आहे का बघायचं. असेल तर त्यातून हवा आणि जाड आवाज मागे फेकला जातो, आणि भिंत जवळ असली की तो घुमतो. बाई बोलली तरी पिंपातून बोलल्यासारखी वाटते. तुझी फळी भिंतीला चिकटलेली, तेव्हा पाठ बंद असलेलाच घे. दुसरं, स्पीकरमधला जो लहानसा घुमट असतो, ज्यातून बारीक आवाज निघतो, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. तुझी फळी उंच असेल तर खाली उतरव, सोफेवाल्या बाईला फळी उतरवणं जड नाही. तिसरं, दोन स्पीकर आणि तुझ्या बाबाची खुर्ची, तिघांत अंतर सारखं ठेव. एक कोपऱ्यात नि एक दाराशी, असली सजावट करू नकोस.

छोट्या खोक्यातून ढोल निघणार नाही, हे आधीच मनाशी धर. कोणी दुकानदार निघतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाहेर पड. पण माणसाचा गळा आणि किल्ल्या छोट्यातूनही स्वच्छ येतात. दुकानात गाणं लावून बघू नकोस, गाणं सगळीकडे बरंच वाजतं. आईची टेपच ने.

आणि हो, अॅम्प्लिफायरवरचं बारीक आवाजाचं बटण जरा पुढेच ठेव. त्याला तसंच लागतं.

बेलचं आणि हाकेचं मनावर घेऊ नकोस. म्हातारा माणूस आहे, असतो लहरी. मीही माझ्या सुनेला ओ देत नाही. तिला वाटतं ऐकू आलं नाही, मला वाटतं बरं झालं.

तुझा,
बटणकाका


२ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. दोनदा तोंडावर आपटले, तिसऱ्यांदा अर्धी. क्रमाने सांगते.

पहिली जोडी माझ्या डोळ्यांनी निवडली. पांढरी, गोल, गुळगुळीत. गिऱ्हाइकं कापड सोडून त्यांनाच हात लावायची. बाबांना खोलीतून बाहेर काढायला मला अर्धा तास लागला, बाहेर आले, बसले, टेप लावली. आई अशी बोलत होती जणू तिला सर्दी झालीय आणि ती शेजारच्या इमारतीत उभी आहे. हे मलासुद्धा कळलं. बाबा म्हणाले, "हे शोपीस आहेत. यात फुलं ठेव." परत केली.

दुसरी दुकानदाराच्या शब्दावर आणली. काळी, उंच, पाठीला भोक. हो, तुमचं पत्र वाचूनही आणली. दुकानदार म्हणाला, भोकाला स्पंजचा बोळा लावला की काम भागतं. भागलं नाही. आईची सुतळी पिंपातून आली. शिवाय एका गिऱ्हाइकाने विचारलं, "तिजोरी का हो दोन-दोन?" ती पण परत. दुकानदार आता मला लांबून बघितलं की आत जातो.

मग मी ठरवलं, आता नीट. फळी उतरवून खाली ठोकली. टेप, तिचं यंत्र आणि अॅम्प्लिफायर पिशवीत घालून चार दुकानं पालथी घातली, प्रत्येक ठिकाणी तीच यादी ऐकवली. चौथ्या दुकानातली बाई शेवटी म्हणाली, "ताई, सुतळी मी देते आणून, पण आता बस करा." तिच्याकडेच मिळाली. लाकडी, बंद पाठीची, माझ्या शिवणाच्या डब्यापेक्षा जरा उंच. फळीवर अशी बसली की जणू सुताराने मापं घेऊन केलीत. पुढची काळी जाळी तेवढी भिकार होती, म्हणून ती काढून सोफ्याचं राखाडी कापड ताणून बसवलं.

बाबांनी टेप ऐकली. डोळे मिटून, हात मांडीवर. आईची यादी झाली, "मला उशीर होतोय" झालं, आणि ते उठले. म्हणाले, "गळा चांगला आहे. पण यात किल्ल्या नाहीत."

मी म्हटलं, बटण जरा पुढे करू? तर म्हणाले, "बटण फिरवून जो चांगला होतो तो स्पीकर चांगला नव्हे," आणि ताट घेऊन आत गेले.

खरं सांगू? मला वाटलं होतं किल्ल्या ऐकू आल्या. पण मला वाटण्याला काय अर्थ! टेप पाठ आहे, म्हणून भास होत असेल. दोन महिने उरलेत. सांगा काय करू.

सुईताई


९ फेब्रुवारी

सुईताई,

आशीर्वाद. कापड! सोफ्याचं कापड माणसाच्या बैठकीसाठी असतं, आवाजाने त्यातून कसं जायचं? तोंडासमोर धरून फुंकर मार. पलीकडे ठेवलेल्या हाताला वारा लागला तर ते कापड चालेल, नाही लागला तर सगळा बारीक आवाज तिथेच अडकला. त्यापायीच किल्ल्या गेल्या असणार. दुसरं काही नाही.

विरळ कापड लाव, आणि तो नसताना बटण हळूच दोन खुणा पुढे कर. त्याला सांगायची गरज नाही. मग बघ, खूश होतो की नाही.

स्पीकर तू उत्तम निवडलेस, हे मात्र मनापासून सांगतो. जास्त खोलात जाऊ नकोस.

घाईत आहे.

बटणकाका


२१ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "जास्त खोलात जाऊ नकोस." हे वाक्य स्पीकरबद्दल नाही, हे मला आता कळलंय. काय झालं ते सांगते.

कापड बदललं. माझ्याकडचे साठ नमुने तोंडासमोर धरून फुंकले, गिऱ्हाइकांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. त्यातलं सगळ्यात विरळ, तागासारखं एक निवडलं. बाबा ऐकून म्हणाले, "नाहीत." बटणाला मी हात लावला नाही. चोरून पास व्हायचं असतं तर एवढी वणवण कशाला केली असती?

बाबा उठून गेले तेव्हा मी चिडून मखमलीची जाड घडी दोन्ही स्पीकरवर टाकली. म्हटलं, नाहीत ना किल्ल्या, मग हे घ्या. आणि टेप तशीच पुन्हा लावली. काका, तेव्हा मला खरंच किल्ल्या ऐकू आल्या नाहीत. नुसती मऊ खुसखुस. मखमल ओढून काढली, टेप मागे घेतली. खण् खण्. एक मोठी किल्ली आणि तीन-चार लहान, मोठी जराशी उशिरा वाजते. मखमल टाकली, गेल्या. काढली, आल्या. हा भास नाही. भासाला मखमलीचं काय?

दुसऱ्या दिवशी बाबांना परत बसवलं. एकदा विरळ कापडावर, एकदा मखमल टाकून. त्यांचे डोळे मिटलेले होते. मखमल टाकल्यावर म्हणाले, "मघाचंच आहे. फरक नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. बेल. मशीनचं पीं पीं. पाठमोरे असताना मारलेल्या हाका. मी इतके महिने ज्याला रुसवा म्हणत होते तो रुसवा नव्हताच. ते माझ्यावर रागावले नव्हते, त्यांना मी ऐकूच येत नव्हते. आणि मी रागाने त्यांच्या पुढ्यात ताट आदळत होते. ते आदळणं तेवढं ऐकू येत असेल.

आता सरळ विचारते. तुम्ही बावीस वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंत. "त्याला तसंच लागतं," असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत. तुम्हाला ठाऊक होतं का?

सुईताई


१२ मार्च

ती. काका,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं नाही असं म्हणू नका, तुमच्या सुनेला फोन करून विचारलंय. आता खरं तर तुम्हालाही फोन करता आला असता, भिंतीची भीती उरलेली नाही. पण हे तुम्ही लिहूनच द्यावं असं मला वाटतं.

बाबांनी ट्रंक बाहेर काढली आहे.

सुईताई


१५ मार्च

सुईताई,

हो. ठाऊक होतं.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो, पण तू परत विचारशीलच. शेवटची तीन वर्षं. तुझा बाबा प्रेक्षागृहाच्या मधोमध त्याच्या बटणांसमोर बसायचा, आणि मी रंगमंचाच्या मागे, मोठ्या अॅम्प्लिफायरच्या खोलीत. तो जे पाठवेल ते माझ्या हातून बाहेर जायचं. आधी एक-दोन प्रेक्षक बोलले की आवाज कानाला टोचतो. मग एक नटी रडकुंडीला आली, म्हणाली, "माझा आवाज पत्र्यासारखा का करता?" मी बाहेर जाऊन ऐकलं. तो बारीक आवाज वाढवत होता. त्याला कमी वाटत होता म्हणून. ज्या माणसाने मला कापसाच्या गाठोड्यावर बोट ठेवावं तसं बटणावर बोट ठेवायला शिकवलं, त्याला मी काय सांगणार होतो?

मी मागे जाऊन माझ्याकडचं बटण तेवढंच खाली केलं. प्रयोग संपला की खडूच्या खुणेवर परत आणून ठेवायचो, त्याने सकाळी तपासलं तर कळू नये म्हणून. तो वर करायचा, मी खाली. तीन वर्षं, प्रत्येक प्रयोग. आजारी असलो तरी जायचो. माझ्या बायकोला वाटायचं मला नाटकाचं वेड लागलंय.

निरोपसमारंभाची ती पाटी तुझ्या घरी असेल. "अखेरच्या तीन वर्षांतली निर्दोष ध्वनियोजना." भाषणात वाचून दाखवली तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. तुझ्या आईने मात्र माझ्याकडे बघितलं. तिला बहुतेक कळलं होतं.

मी घाबरट आहे, पोरी. पण तेव्हा मला ते प्रेमच वाटलं होतं आणि आजही वाटतं. आता माझं ऐक. त्याला सांगू नकोस. दुसरं काही असतं तर म्हणालो असतो सांग, पण त्याच्याकडे कानाशिवाय काय आहे? त्याचं नावच ते. बटण हळूच पुढे कर, किल्ल्या वाजतील, तो राहील. तुझा बाबा घरात राहावा हेच हवंय ना तुला? मग झाकली मूठ झाकलीच राहू दे. माझं हे पत्र फाडून टाक.

बटणकाका


२१ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र फाडलं नाही. आणि मूठ उघडली.

रागावण्याआधी पूर्ण वाचा. तुम्ही तीन वर्षं बटण फिरवलंत, मला जन्मभर फिरवावं लागलं असतं. आणि बटणाने किल्ल्या मिळाल्या असत्या, पण बेलचं काय? रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीचं काय? माझ्या हाकेला कुठलं बटण लावू? मला बाबा घरात हवेत हे खरं, पण खोटं बोलून बसवून ठेवलेले नकोत. एक वेळ ट्रंक घेऊन गेले असते तरी चाललं असतं.

सकाळी चहा झाल्यावर त्यांना बाहेर बसवलं आणि मखमल त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, "बाबा, तुम्ही घाला, तुम्हीच काढा." त्यांनी दोनदा केलं. म्हणाले, "फरक नाही. म्हणजे कापड चांगलं आहे." मी समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि म्हटलं, "मला फरक आहे. कापड काढलं की किल्ल्या वाजतात. मला ऐकू येतात."

"तुला?" बाबा हसले. "तुला कधीपासून ऐकू यायला लागलं?"

हे लागलं नाही असं म्हणणार नाही. पण मी ठरवून बसले होते. म्हटलं, "मग घ्या परीक्षा." आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. तुम्हाला तर माहीत आहे, परीक्षा म्हटलं की हा माणूस बदलतो. कागद-पेन्सिल आणली. मखमल कधी टाकत होते, कधी नाही, मध्येच मला फसवायला नुसताच कापडाचा आवाज करत होते. मी सांगत होते, आहे, नाही, नाही, आहे. दहा वेळा झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी वळून बघितलं. कागदावर दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती.

त्यांनी तो कागद पुन्हा एकदा तपासला. मग उठले आणि माझ्या जागी येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "आता मी."

काका, मला ती मखमल उचलवेना. पण उचलली. पहिलं चुकलं. दुसरं बरोबर आलं, तिसरं चुकलं, चौथं चुकलं. "पुढे नको," म्हणाले. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. मग विचारलं, "बटण्याला ठाऊक होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. तुमचं पत्र खिशातच होतं, ते काढून दिलं. त्यांनी खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातलं. मग खोलीत गेले. आतून ठोकाठोकीचा आवाज आला. ती पाटी भिंतीवरून उतरवत होते.

ट्रंक अजून दाराशी आहे. तुमच्याशी बोलतील की नाही मला ठाऊक नाही. तुमच्या मैत्रीचं मी वाटोळं केलं असेल तर मला बोला, मी ऐकून घेईन. पण परत वेळ आली तर परत हेच करीन.

सुईताई


२७ मार्च

सुईताई,

तू केलंस ते बरोबर असेल. माझ्यात ती हिंमत नव्हती.

आता तो माझं तोंड बघणार नाही, हे मी धरून चाललोय. त्याला सर्दी चटकन होते. त्या गल्लीतल्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून घे.

बटणकाका


३० एप्रिल

बटण्या,

मुलीकडून पत्ता घेतला. ती तुला परस्पर लिहिणार होती, मी म्हटलं हे माझं काम आहे.

आधी राग सांगतो, मग बाकीचं. तू माझ्या पाठीमागे तीन वर्षं बटण फिरवलंस. तुला वाटलं, याला सांगितलं तर हा मोडेल. मी एवढा काचेचा होतो का? तू एकदा येऊन म्हणाला असतास की साहेब, आज जरा टोचतंय, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस बोललो नसतो, आणि नवव्या दिवशी बटण खाली केलं असतं. त्या बिचाऱ्या नटीला मी ओरडलो होतो, की पत्रा तुझ्या गळ्यात आहे. तिची माफी आता कुठे जाऊन मागू? हे तुझ्या प्रेमापायी झालं. लक्षात ठेव.

राग संपला. ती पाटी भिंतीवरून उतरवली आहे, वेगळ्या पार्सलने पाठवतो. तुझी आहे. भिंतीला लाव, सुनेला दाखव.

एक तारखेला मी गेलो नाही. ट्रंक उचलली होती, दारापर्यंत नेली. मुलगी आडवी आली नाही, रडली नाही. म्हणाली, "जायचं तर जा, पण आधी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे, मी वेळ घेतली आहे." आईवर गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, आणि तिथे मी बटण हातात धरून नुसता बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी मला रेघांचा कागद दाखवला. डाव्या बाजूला बरी चाललेली रेघ मध्येच कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. मी आवाजाची यंत्रं तपासताना असले कागद शेकड्यांनी बघितलेत. असल्या स्पीकरला मी नापास केलं असतं.

आता दोन्ही कानांत ऐकायच्या यंत्राचे दोन दाणे बसवलेत. पहिले चार दिवस काढून फेकावेसे वाटले. पेपरचं पान उलटलं तर झाड पडल्यासारखं वाटतं. धुण्याचं मशीन किती भांडखोर आहे हे मला माहीतच नव्हतं. पाचव्या दिवशी मुलीने पाठीमागून "बाबा" म्हटलं आणि मी "काय गं" म्हणून वळलो. ती हातातली कात्री टाकून आत निघून गेली. असो.

टेप ऐकली. तिने निवडलेल्या त्याच लाकडी खोक्यांवर, बटणं सगळी सरळ ठेवून. तुला खोटं सांगणार नाही. किल्ल्या आल्या नाहीत, पत्र्याच्या डब्यात खिळे आले. पण "मला उशीर होतोय" म्हटल्यावर काहीतरी वाजलं, आणि ते कोणी वाजवलं ते मला ठाऊक होतं. पुन्हा लावली. दिवसातून एकदा लावतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, सवयीने खिळ्यांच्या किल्ल्या होतील. बघू.

स्पीकर मी पास केले. त्यात माझं काही नाही, आवाज मुलीने निवडला. दहापैकी दहा. मी तीस वर्षं तिला सांगत आलो की तुला कान नाहीत, हे मी तिच्यासमोर मागे घेतलं. ती म्हणाली, "लिहून द्या." दिलं. तिने तो कागद नमुन्यांच्या वहीत चिकटवलाय.

मग म्हणाली, आवाज मी निवडला, आता कापड तुम्ही निवडा. मी साठ नमुने फुंकून बघितले. वारा जाणारे तेरा निघाले. त्यातला मोहरीच्या फुलासारखा पिवळाजर्द घेतला. ती म्हणते, हा रंग दुकानात आठ वर्षं कोणी घेतला नव्हता. आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याचंच विचारतं, आणि ती माझ्याकडे बोट करते.

फळीसमोर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. एक माझी. दुसरीवरून अंतर बरोबर तेवढंच आहे, मी मोजलंय. मला बारीक आवाजाचं कमी-जास्त कळत नाही, आणि मुलीला दुकान आहे, ती सारखी माझ्याजवळ बसू शकत नाही. कोणीतरी लागेल. पत्र मिळालं की निघ. तीन वर्षं पाठीमागून फिरवलंस ना, आता समोर बसून फिरव.

कान